घर तापविणारे पाणी : हवा आणि दाब



आजच्या व्याख्यानाचा विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. ब्रिटनमधील सामान्य घरात हिवाळ्यात ऊब निर्माण करणारी जी यंत्रणा असते, तिच्या नळ्यांतील हवा कशी काढावी आणि तिच्यातील पाण्याचा दाब कसा राखावा, एवढाच तो विषय आहे. हिमालयाच्या कुशीतील प्रदेश वगळले तर आपल्या देशात घर तापविण्याची गरज फारशी भासत नाही. तथापि आपल्यापैकी पुष्कळांचे आप्त आज ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले आहेत आणि ऐन थंडीत घरातील अर्धे रेडिएटर गार पडल्याची तक्रार त्यांच्या पत्रांतून वा दूरध्वनीवरून आपल्या कानी येते. शिवाय उष्णतेने पाण्याचे होणारे प्रसरण, वायूंचा दाब, वायूंची विद्राव्यता आणि लोखंडाचे गंजणे या चार गोष्टी एकाच ठिकाणी एकमेकींवर परिणाम करताना पाहावयाच्या असतील, तर याहून सोयीचे उदाहरण सापडणे कठीण आहे.

मला जे सांगावयाचे आहे त्याचे सार प्रारंभीच सांगतो. या यंत्रणेविषयी घरमालकाच्या दोन तक्रारी नेहमीच्या असतात. रेडिएटर वरच्या बाजूने थंड राहतो, ही पहिली. दाबमापकाचा काटा खाली उतरतो, ही दुसरी. पहिलीवर उपाय म्हणून तो हवा सोडतो, दुसरीवर उपाय म्हणून नवे पाणी भरतो. दोन्ही कृती सोप्या आहेत आणि प्रसंगी आवश्यकही आहेत. परंतु या दोन तक्रारी वस्तुतः वेगळ्या नाहीत, आणि हे उपाय वारंवार करावे लागत असतील तर ते रोग बरा न करता वाढवितात. बंद यंत्रणेतील पाणी जितके जुने तितके चांगले, हे सूत्र ज्याला पटले त्याला या विषयातील बहुतेक सर्व गोष्टी आपोआप उलगडतात.

प्रथम यंत्रणेची रचना पाहू. स्वयंपाकघरात किंवा एखाद्या कपाटात बॉयलर बसविलेला असतो. त्यात बहुधा नैसर्गिक वायू जळतो आणि त्या उष्णतेने पाणी तापते. पंप ते तापलेले पाणी नळ्यांवाटे खोल्याखोल्यांतील रेडिएटरांत नेतो. रेडिएटर म्हणजे भिंतीलगत बसविलेली, पोलादी पत्र्याची पोकळ व चपटी पेटी. तिच्यातून वाहताना पाणी आपली उष्णता खोलीतील हवेला देते आणि निवलेले पाणी पुन्हा बॉयलरकडे परतते. नळाला येणारे पाणी आणि हे पाणी यांचा एरवी संबंध नसतो. तेच ते पाणी वर्षानुवर्षे फिरत राहते. 1970 च्या सुमारास ब्रिटनमधील निम्म्याहून कमी घरांत अशी व्यवस्था होती. आज दहांपैकी नऊहून अधिक घरांत ती आढळते.

आता पहिला नियम लक्षात घ्यावयाचा तो असा की पाणी तापले की पसरते. 10 अंश सेल्सिअसचे 100 लिटर पाणी 70 अंशांपर्यंत तापविले तर त्याचे आकारमान सुमारे सव्वादोन लिटरांनी वाढते. वाढ अल्प दिसते, पण पाणी जवळजवळ असंपीड्य आहे. चहूबाजूंनी बंद असलेल्या व पूर्ण भरलेल्या भांड्यात त्याला पसरावयास जागाच मिळाली नाही, तर उत्पन्न होणारा दाब शेकडो वातावरणांच्या घरात जाऊ शकतो. अर्थात तितका दाब निर्माण होण्यापूर्वीच नळी, सांधा किंवा पत्रा फुटतो. म्हणून पाण्याने घर तापविणाऱ्या प्रत्येक यंत्रणेत, वाढलेल्या पाण्याची सोय कोठे करावयाची, हा प्रश्न सर्वांआधी सोडवावा लागतो.

याचे जुने उत्तर सरळ होते. घराच्या माळ्यावर एक लहान उघडी टाकी ठेवावयाची. तापलेले पाणी पसरले की तिची पातळी वर चढते, निवले की खाली उतरते. पाणी कमी झाल्यास बॉलकॉकवाटे नवे पाणी येते. शिवाय टाकीवर वाकविलेले तोंड असलेली एक उघडी नळी असते, तिच्यातून हवा व वाफ निर्धोकपणे बाहेर पडते. पुण्या-नाशिककडील घरांच्या गच्चीवर बसविलेल्या सौर जलतापकाला जी उघडी उभी नळी असते, तिचे कार्यही याच जातीचे आहे. या पद्धतीत दाबाची चिंता उरत नाही. टाकी किती उंचीवर आहे यावरच तो ठरतो. मात्र टाकीतील पाण्याचा हवेशी नित्य संपर्क राहतो आणि कडाक्याच्या थंडीत माळ्यावरील नळी गोठण्याचे भय असते.

दुसरे उत्तर म्हणजे यंत्रणा पूर्णपणे बंद ठेवणे. ही कल्पनाही आजची नाही. मूळचा अमेरिकन, पण लंडनमध्ये काम करणारा अभियंता अँजिअर मार्च पर्किन्स याने 1831 साली बंद नळ्यांतून अतिशय तापलेले पाणी खेळविण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले होते. पाण्याला पसरता यावे म्हणून त्याने वरच्या टोकाला एक रुंद नळी हवेने भरलेली ठेवली होती. आजच्या घरातील बंद यंत्रणेचे तत्त्व हेच आहे. फरक इतकाच की तापमान व दाब पुष्कळच कमी ठेवलेले असतात आणि त्या हवेच्या नळीची जागा प्रसरण-पात्राने घेतली आहे.

हे प्रसरण-पात्र म्हणजे एक बंद पोलादी डबा होय. त्याच्या मधोमध रबरी पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूस यंत्रणेतील पाणी, तर दुसऱ्या बाजूस दाबून भरलेली हवा किंवा नत्रवायू. पाणी पसरले की पडदा वायूकडे सरकतो व वायू आक्रसतो. पाणी निवले की वायू त्याला परत ढकलतो. एखाद्या गादीप्रमाणे हा वायू दाबाचे धक्के सोशीत असतो. रॉबर्ट बॉइल याने 1662 साली मांडलेला नियम येथे उपयोगी पडतो. तापमान स्थिर असता वायूचा दाब व आकारमान यांचा गुणाकार बदलत नाही.

थोडा हिशेब करून पाहू. दाब मोजण्याचे येथील एकक 'बार' हे आहे. एक बार म्हणजे स्थूलमानाने एका वातावरणाचा दाब, अथवा सुमारे 10 मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब. बॉयलरवरील दाबमापक बाहेरच्या वातावरणाचा दाब वगळून आकडा दाखवितो; म्हणून काटा 1 वर असेल तेव्हा आतील खरा दाब 2 बार असतो. समजा, आपल्या यंत्रणेत 100 लिटर पाणी आहे, पात्रात 12 लिटर वायू आहे आणि थंड असताना काटा 1 वर आहे. पाणी 70 अंशांपर्यंत तापले की सव्वादोन लिटर पाणी पात्रात शिरते आणि वायूला पावणेदहा लिटरांत राहावे लागते. खरा दाब 2 बारवरून जवळजवळ अडीच बारवर जातो, म्हणजे काटा 1 वरून सुमारे दीडवर चढतो. निरोगी यंत्रणेत दिवसभरात काट्याची हालचाल एवढीच व्हावयास हवी. म्हणूनच बहुतेक घरांत थंड अवस्थेत 1 ते 1.5 बार इतका दाब ठेवावा असे सांगितले जाते. दाब 3 बारवर गेल्यास सुरक्षा-झडप उघडते आणि पाणी एका तांब्याच्या नळीवाटे घराबाहेर सोडून देते.

आता हवेकडे वळू. बंद नळ्यांत हवा येते तरी कोठून? पहिले उगमस्थान म्हणजे स्वतः पाणीच. थंड पाण्यात हवा विरघळलेली असते. 10 अंशांच्या 100 लिटर पाण्यात सुमारे 2 लिटर हवा सामावलेली असते. मँचेस्टरच्या विल्यम हेन्रीने 1803 साली दाखवून दिले की द्रवात विरघळणाऱ्या वायूचे प्रमाण त्या वायूच्या दाबाच्या प्रमाणात असते. शिवाय पाणी तापविले की ही विद्राव्यता घटते. बॉयलरमध्ये पाणी सर्वाधिक तापते, तेथे हवेचे सूक्ष्म बुडबुडे सुटतात. आणि घराच्या वरच्या मजल्यावर दाब सर्वांत कमी असतो, म्हणून तेथील रेडिएटरांच्या माथ्याशी ते साठतात. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. यंत्रणा नव्याने भरल्यानंतर पहिले काही दिवस हवा निघणे स्वाभाविक आहे. ती एकदा निघून गेली की त्याच जुन्या पाण्यातून पुन्हा हवा निघण्याचे कारण उरत नाही.

दुसरे उगमस्थान अधिक चमत्कारिक आहे. बॉयलर तळमजल्यावर आहे आणि सर्वांत वरचा रेडिएटर त्याच्याहून 5 मीटर उंच आहे असे धरा. 5 मीटर उंचीमुळे तेथील दाब खालच्यापेक्षा सुमारे अर्ध्या बारने कमी असतो. खालचा काटा 1 वर असेल तर वर अर्धा बार दाब शिल्लक राहतो. परंतु काटा 0.3 पर्यंत घसरला तर वरच्या रेडिएटरातील दाब बाहेरच्या वातावरणापेक्षाही कमी होतो. एरवी ज्या सूक्ष्म फटींतून पाण्याचा थेंब बाहेर झिरपला असता, त्याच फटींतून आता हवा आत ओढली जाते. म्हणजे दाब कमी होणे हेच हवा शिरण्याचे कारण ठरते. या दोन तक्रारी वेगळ्या नाहीत असे मी आरंभी म्हटले, त्यातील एक अर्थ हा.

तिसरे उगमस्थान हवेचे नव्हेच. पाण्यातील प्राणवायू संपल्यावरही लोखंडाची पाण्याशी मंद रासायनिक क्रिया चालू राहू शकते. तीत मॅग्नेटाइट नावाचे काळे लोह-ऑक्साइड तयार होते आणि हायड्रोजन वायू मुक्त होतो. एखाद्या रेडिएटरात नवे पाणी न भरताही पुनःपुन्हा वायू साठत असेल आणि त्यातून निघणारे पाणी शाईसारखे काळे असेल, तर तो वायू बहुधा हायड्रोजन असतो. हायड्रोजन ज्वालाग्राही आहे. म्हणून वायू सोडताना जवळपास मेणबत्ती, विडी-सिगारेट किंवा कोणतीही ज्योत असू नये, आणि खिडकी उघडी ठेवावी.

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. तत्पूर्वी निदान करावे. रेडिएटर वरून थंड व खालून गरम असेल तर माथ्याशी वायू साठला आहे. याउलट वरून गरम व खालून थंड असेल तर तळाशी काळा गाळ बसला आहे. तेथे हवा सोडून काहीही लाभ होणार नाही, यंत्रणा धुऊन काढावी लागेल. वायूचे निदान झाल्यावर बॉयलर व पंप बंद करून पाणी निवू द्यावे. याची कारणे दोन. गरम पाण्याने हात भाजू शकतो, आणि पंप चालू असता नळ्यांच्या काही भागांत दाब कमी होऊन हवा बाहेर जाण्याऐवजी आत येण्याचा संभव असतो. पाणी निवले की दाबमापकावरील आकडा पाहून ठेवावा. तो फार खाली असेल तर प्रथम दाब 1 बारपर्यंत आणावा. नंतर खालच्या मजल्यापासून आरंभ करून एकेक रेडिएटर घ्यावा. त्याच्या वरच्या कोपऱ्यात एक लहान चौकोनी खिळा दिसतो. खाली भांडे व फडके धरून, छोट्या किल्लीने तो डावीकडे पाव ते अर्धा फेरा फिरवावा. फुसफुस असा आवाज येतो. तो थांबून पाण्याची सलग धार दिसू लागताच खिळा आवळावा. तो पूर्ण काढू नये, अन्यथा पाण्याच्या दाबापुढे तो पुन्हा बसविणे कठीण जाते.

जितका वायू बाहेर गेला तितकी जागा आत रिकामी झाली, म्हणून दाब उतरणारच. यासाठी शेवटी पुन्हा काटा पाहावा. तो 1 च्या खाली असल्यास पाणी भरावे. भरण्यासाठी नळाच्या पाण्याची नळी व यंत्रणा यांच्यामध्ये दोन झडपा असलेली एक लवचीक जोडनळी असते. दोन्ही झडपा हळूहळू उघडून काटा अपेक्षित आकड्यावर येताच त्या घट्ट बंद कराव्यात. काम झाल्यावर ही जोडनळी काढून ठेवावी असा तेथील पाणीपुरवठ्याच्या नियमांचा रोख आहे, आणि तो योग्यच आहे. यंत्रणेतील गढूळ पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळू नये हे त्यामागील मुख्य कारण होय. शिवाय झडप किंचित गळत राहिल्यास नकळत दाब वाढत जातो, तेही टळते.

येथवर सर्व काही सोपे आहे. खरा प्रश्न उद्भवतो तो हीच कृती दर आठवड्यास, किंवा दररोज, करावी लागते तेव्हा. प्रसरण-पात्रातील वायू कालांतराने झिरपून जातो, किंवा पडदा फाटतो. मघाच्या उदाहरणात 12 लिटरांच्या जागी काहीच वायू उरला नाही असे समजा. आता सव्वादोन लिटर वाढीव पाण्याला जागा नाही. बॉयलर पेटला की काटा झपाट्याने 3 वर जातो, सुरक्षा-झडप उघडते आणि सुमारे सव्वादोन लिटर पाणी घराबाहेर पडते. रात्री यंत्रणा निवली की तितकेच पाणी कमी पडते आणि काटा शून्याशी येतो. सकाळी घरमालक पाणी भरतो, यंत्रणा चालू होते, आणि त्याला वाटते की आपण दुरुस्ती केली. वास्तविक त्याने केवळ आणखी सव्वादोन लिटर पाणी बाहेर पडण्याची तयारी केलेली असते. हिवाळ्यातील 200 दिवस हा क्रम चालला तर 450 लिटर नवे पाणी आत येते. म्हणजे यंत्रणेतील सर्व पाणी एका हंगामात साडेचार वेळा बदलते.

या नव्या पाण्याची किंमत काय? 10 अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे 11 मिलिग्रॅम प्राणवायू असतो. तो सर्व लोखंडाशी संयोग पावून मॅग्नेटाइट झाला तर सुमारे 30 मिलिग्रॅम लोखंड नष्ट होते. आकडा अगदी लहान आहे. परंतु रेडिएटरचा पत्रा केवळ एक मिलिमीटरहून किंचित जाड असतो. सव्वा मिलिमीटर जाडीच्या पत्र्यास 2 मिलिमीटर व्यासाचे छिद्र पडण्यास जेवढे लोखंड जावे लागते, ते सुमारे 30 मिलिग्रॅमच भरते. सुदैवाने गंज सर्वत्र विभागून चढतो, म्हणून प्रत्येक लिटराने एक छिद्र पडत नाही. पण गंजाचा कल एखाद्या खळग्यात, एखाद्या सांध्याशी एकवटण्याकडे असतो हेही तितकेच खरे. 450 लिटर पाणी सुमारे 13 ग्रॅम लोखंडाची आहुती घेते. त्यातून होणारा काळा गाळ पंपात व बॉयलरच्या अरुंद मार्गांत अडकतो. याखेरीज लंडनसारख्या कठीण पाण्याच्या प्रदेशात प्रत्येक लिटरासोबत 250 ते 300 मिलिग्रॅम क्षार येतात. त्यांपैकी बराच अंश सर्वांत तप्त पृष्ठभागावर, म्हणजे बॉयलरच्या उष्णता-विनिमयकावर, पुटे चढवितो. आणि गंज रोखण्यासाठी पाण्यात जे रसायन घातलेले असते ते दर वेळी पातळ होत जाते. एकदा भरलेले पाणी आपला प्राणवायू काही दिवसांत गमावते, आपले क्षार टाकून मोकळे होते आणि नंतर निरुपद्रवी बनते. जुने पाणी चांगले म्हणावयाचे ते याच अर्थाने.

म्हणून काट्याकडे पाहण्याची सवय लावून घ्यावी. त्याची चाल बहुधा रोगाचे नाव सांगते. तापताना काटा 3 कडे धावतो व निवताना शून्याकडे येतो, तर दोष बहुधा प्रसरण-पात्रात आहे. यंत्रणेतील दाब काढून पात्रात पंपाने पुन्हा हवा भरणे, अथवा पात्र बदलणे, हा त्यावरील उपाय होय. मोटारीच्या चाकास असते तशीच झडप पात्रालाही असते. काटा तापताना नेहमीप्रमाणे वागतो, पण दिवसागणिक थोडा थोडा उतरतो, तर कोठेतरी गळती आहे. सांधे, झडपांचे दांडे आणि बाहेर जाणाऱ्या तांब्याच्या नळीचे तोंड तपासावे. पाणी न भरताही काटा वर चढत राहतो, तर भरणीची झडप नीट बंद झालेली नाही अशी शंका घ्यावी. आणि काटा स्थिर असूनही एकाच रेडिएटरात वायू साठतो, तर गंज चालू आहे असे समजून पाण्याची तपासणी करवावी.

यांतील काय स्वतः करावे आणि काय करू नये, याविषयी स्पष्ट बोलणे माझे कर्तव्य आहे. रेडिएटरातील वायू सोडणे, काटा पाहणे आणि क्वचित पाणी भरणे ही गृहस्थाची किंवा गृहिणीची कामे आहेत. बॉयलरचे आवरण काढणे, सुरक्षा-झडपेस हात लावणे किंवा वायूच्या नळीशी खटपट करणे ही त्यांची कामे नव्हेत. वायूची ज्योत नीट न जळल्यास कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि तो प्राणघातक आहे. ब्रिटनमध्ये 2009 पासून अशा कामासाठी 'गॅस सेफ रजिस्टर' मध्ये नोंदलेला तंत्रज्ञच बोलवावा लागतो. विशेषतः गळणारी सुरक्षा-झडप बूच मारून बंद करण्याचा मोह कोणी करू नये. पाण्याच्या प्रसरणाला शेवटची वाट देणारी ती एकमेव वस्तू आहे. ती बंद केल्यावर वाट कोठे फुटेल हे पाणी ठरविते.

शेवटी एवढेच सांगावेसे वाटते की या यंत्रणेची देखभाल फार थोड्या कष्टांत होते. हिवाळा सुरू होण्यापूर्वी एकदा सर्व रेडिएटरांवरून हात फिरवावा, असलेला वायू काढावा, थंड अवस्थेतील दाबाचा आकडा दिनांकासह एका वहीत लिहून ठेवावा. त्यानंतर महिन्यातून एकदा पुन्हा काटा पाहावा. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी पाणी भरावे लागले तर त्यात काही वावगे नाही. मात्र वहीतील नोंदींमधले अंतर कमी होत चालले, महिन्याचे आठवडे आणि आठवड्यांचे दिवस झाले, तर भरणीच्या झडपेवरील हात मागे घ्यावा आणि पाणी कोठे जात आहे हे आधी शोधावे. हा शोध वेळेवर घेतला गेला तर वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बसविलेला रेडिएटरही आणखी कित्येक हिवाळे आपले काम मुकाट्याने करीत राहतो.